बिरूची रास

आसणीच्या घाटमाथ्यावर, जिथं वेल्ह्याकडून आलेली वाट संपते आणि कोकणाकडची उतरण सुरू होते, तिथं दगडांची एक रास होती. उंचीला माणसाच्या छातीएवढी, घेराला चांगल्या खळ्याएवढी. तिला शेंदूर नव्हता, नारळ नव्हता. कुणी तिच्यापुढं वाकत नसे. मीठ आणि सुकट घेऊन वर येणारी कोकणातली माणसं, हिरडा आणि तूप घेऊन खाली उतरणारी मावळातली माणसं, सगळीच तिच्यापाशी क्षणभर थांबत, डाव्या हातानं एक दगड तिच्यावर टाकत आणि म्हणत, "घे बिरू, तुझा वाटा." मग ओझं सारखं करून चालू लागत.

बिरू कोण हे कुणाला विचारावं लागत नसे. माथ्याच्या उजव्या अंगाला आसणगड आहे. गड कसला, दोन टाकी, एक पडका दरवाजा आणि वारा. पण मोगलाईत तिथं चाळीस माणसांची शिबंदी होती आणि बिरू धनगर त्यांना रोज दही-दूध घालायचा. त्याला शेरडांची वाट माहीत होती, पाठीमागच्या कड्यातून वर चढणारी. तांबड्या शेल्याच्या लोभानं त्यानं ती मोगलांना दाखवली. चाळिसांतली बहुतेक माणसं झोपेतच कापली गेली. त्यातून जे दोघे-तिघे वाचले, त्यांनी बिरूला माथ्यावर गाठलं आणि शेला गळ्यात असतानाच दगडांनी ठेचलं. ते दगड कुणी उचलले नाहीत. उलट येणारा-जाणारा त्यात भर घालत राहिला. अडीचशे वर्षं.

राशीपासून हाकेच्या अंतरावर चार घरांचा धनगरवाडा होता. त्यातलं एक घर बिरूच्या वंशाचं. त्या घरातला शेवटचा पुरुष हैबती.

धनगरांच्या वस्तीत दर पिढीला एखादा बिरू असतोच. देवाचंच नाव ते. हैबतीच्या घरात मात्र नऊ पिढ्यांत कुणाचं नाव बिरू ठेवलेलं नव्हतं. घरातल्या देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक होता, त्याला रोज पाणी मिळायचं, पण त्याला मोठ्यानं हाक मारायची झाली की घरातली माणसं 'देवा' एवढंच म्हणत.

हैबती सात वर्षांचा असताना बापाबरोबर पहिल्यांदा घाट उतरला. राशीपाशी बाप थांबला, वाकला, बराच वेळ इकडंतिकडं शोधून सुपारीएवढा खडा त्याला मिळाला. तो त्यानं टाकला.

"आपलाच न्हवं त्यो?" पोरानं विचारलं.

"म्हनून तर," बाप म्हणाला. "आपन न्हाई टाकला तर लोक आपल्यावर टाकतील."

त्या काळात दगडांची टंचाईच झाली होती. सुटा म्हणून जेवढा दगड होता तेवढा वाटसरूंनी आधीच राशीवर घातलेला. पाव कोसात वाटेच्या दोन्ही बाजूंना नुसती माती आणि गवत. कुणी वाळकं शेण टाकी, कुणी नुसतंच थुंके. ओझ्यानं वाकलेली बरीचशी माणसं तर मान हलवून तशीच निघून जात. म्हातारे चिडत, म्हणत, आता कुणाला रीत राहिली नाही.

१९२१ साली हैबतीचं लग्न झालं. नवरी कोंडाबाई, घाटाखालच्या धनगरवाड्यातली, चौदा वर्षांची. वऱ्हाड चढून येताना तिनं खालच्या ओढ्यातून एक गार उचलली होती. गारगोटीच ती, पांढरीशुभ्र, हाताच्या मुठीएवढी, आणि मधून एक तांबडी शीर, भांगात कुंकू भरल्यासारखी. वाटभर ती तिच्याशी खेळत आली. माथ्यावर सगळ्यांनी ढेकळं टाकली, तशी तिनं ती गार टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "घे बिरू, तुझा वाटा!"

वऱ्हाड हसून हसून खाली बसलं.

"आगं, सासरच्या मूळपुरुषालाच दगड घातलास की!"

"हैबती, संबाळ बाबा. घरात पाय टाकायच्या आदी हिनं धोंडा टाकला!"

नवरी रडकुंडीला आली. "मला काय म्हाईत, त्यो आपल्यातला हाय त्ये?"

हैबतीनं तेव्हा तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. बिरूला 'आपल्यातला' म्हणणारं माणूस त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

त्यांना पहिला मुलगा झाला, सोनबा. तो तीन वर्षांचा होऊन गेला. दुसरा भिमा. तो चालायला लागला आणि गेला. दोघंही भर पावसाळ्यात गेले. माथ्यावरचा पाऊस चार महिने खाली उतरू देत नाही, वर कुणाला येऊ देत नाही. धुक्यात घर कुठं संपतं आणि बाहेरचं कुठं सुरू होतं ते कळत नाही. त्या धुक्यात हैबतीनं दोन खड्डे खणले, एकाशेजारी एक.

दुसऱ्या मुलानंतर कोंडाबाईच्या भावानं गेनबा भगताला आणलं. गेनबा अंगारा लावून बराच वेळ घुमला, मग अगदी साध्या आवाजात बोलू लागला. शेतीवाडीचं बोलावं तसा.

"वंशाचं नाव दगडाखाली अडकलंय. त्ये मोकळं झाल्याबगार हितं लेकरू टिकायचं न्हाई. ती रास भुईसपाट झाली पायजे. तुज्याच हातानं. हत्यार लावायचं न्हाई, गाडी-बैल लावायचा न्हाई. पाठीवर मावंल तेवढं उचलायचं आन् ज्या वाटनं वैरी आला त्या वाटनं खाली न्यायचं, कोकनाच्या बाजूला. इसाव्याच्या सपाटीवर टाकायचं. कुनाला सांगायचं न्हाई. भुई दिसली की पोराचं नाव बिरू ठेव. त्यो जगंल."

"किती दिस लागतील?" हैबतीनं विचारलं.

भगतानं दारातून राशीकडं पाहिलं. "तू जवान हायेस," तो म्हणाला.

त्या वर्षी भाटघरचं नवं धरण पुरं होत आलं होतं. वाड्यातले दोघे तिकडं दगड वाहायला गेले होते. हैबतीनं दुसऱ्या दिवशी उजाडता म्हशी पिळल्या, दुधाच्या चरव्या घरात ठेवल्या आणि घोंगडी घेऊन राशीकडं गेला. मागच्या बाजूनं, जिकडं वाटसरू उभे राहत नाहीत तिकडून, त्यानं सात दगड काढले. घोंगडीत बांधून पाठीवर घेतले आणि घाट उतरला. विसाव्याची सपाटी निम्म्या घाटात होती. खालून निघालेली माणसं तिथं पोचेपर्यंत सूर्य वर यायचा. तेवढ्यात तो दगड टाकून, मागं न पाहता, परतलेला असायचा.

"धरनावर दगड वाह्यला मजुरी देत्यात," कोंडाबाई म्हणाली. "आन् तुमी फुकट वाहताय."

"तुजा दगड सापडंस्तोवर वाहतो. मग तूच वाहा."

"माजा वर असंल. तुमी मागनं काढताय."

"मग पुढनं काढू?"

"काडा की. पुढनं काडलं की लोक इचारतील, कोन हाय गं ह्यो येडा? म्या सांगंन, मला म्हाईत न्हाई बया, वाटंवरचा हाय कुनीतरी."

ती असं बोलायची म्हणून तो वाहू शकायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात ती गार खरंच सापडली. वरचे दगड मागं घरंगळले होते, त्यात ती होती. त्यानं ती घरी नेली नाही. राशीतला दगड घरात न्यायचा नसतो. पण वाट वाकडी करून तो गोठ्यापाशी आला आणि लांबूनच हात वर करून तिला दाखवली. कोंडाबाई शेणाच्या हातानं उभी राहून पाहत राहिली.

"जा घिऊन," ती म्हणाली. "लई दिस झालं मनाला लागून हुतं."

विसाव्यावर ती त्यानं टाकली नाही, ठेवली.

राशीशेजारी किंजळीचं एक झाड होतं. पहिल्या दिवशी हैबतीनं राशीच्या उंचीला त्याच्या खोडावर कोयत्यानं खूण केली होती. पहिल्या दोन वर्षांत रास त्या खुणेखाली दीड हात आली. तिसऱ्या वर्षी ती तिथंच राहिली. चौथ्या वर्षी चार बोटं वर आली.

हैबतीनं ते कोंडाबाईला सांगितलं नाही. त्याला वाटलं आपण कमी पडतोय. सात दगडांचे त्यानं नऊ केले, नवाचे बारा. दिवसाला एका खेपेच्या दोन केल्या. त्याची मान पुढं आली, ती मग मागं गेली नाही. तिशीतच त्याला लोक बाबा म्हणू लागले. रास खाली जायची, वर यायची. कधी कधी माथ्यावर वाऱ्यात एकटा उभा असताना त्याला वाटायचं की हे दगड कुणी टाकलेले नाहीतच. खालून भुईच ते वर ढकलतेय. बिरूनं जे केलं ते अजून संपलेलं नाही, ते आतून उगवतंय.

अकरा वर्षं अशी गेली. या अकरा वर्षांत कोंडाबाईची कूस उजवली नाही. मग १९३८ च्या पावसाळ्यात तिला दिवस गेले. तिची एकतिशी उलटली होती. ती आता थट्टा करत नव्हती. हैबती खेप टाकून आला की ती फक्त विचारायची, "किती ऱ्हायली?"

"हाय थोडी," तो म्हणायचा.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो दुसऱ्या खेपेसाठी राशीमागं वाकला होता, तेव्हा समोरून बोलणं ऐकू आलं. कोकणातून वर येणारा एक हमाल आणि त्याच्यामागं कोट-टोपीतला एक माणूस. हमालाला हैबती ओळखत होता, तो सावळाराम. दुसरा भोरकडचा मास्तर निघाला, आनंदराव नावाचा. सुट्टीत गड पाहत हिंडायचा, मापं घ्यायचा, जुने कागद गोळा करायचा. त्याच्या हातात एक दगड होता. त्यानं हसत हसत तो राशीवर टाकला.

"घे बिरू, तुझा वाटा. बरोबर ना रे सावळाराम?"

"बराबर, मास्तर. पन डाव्या हातानं टाकायचा."

हैबती राशीमागून उभा राहिला. राशीच्या माथ्यावर, काळ्या दगडांत, पांढरी गार होती. मधून तांबडी शीर.

"मास्तर," तो म्हणाला. "ह्यो दगड कुठं घावला तुमास्नी?"

"तो? अहो, खाली विसाव्याच्या सपाटीवर. सुंदर वाटला म्हणून उचलला. तिथं हवे तेवढे दगड आहेत."

"व्हय बाबा," सावळाराम म्हणाला. "आमच्या लहानपनी दगुड मिळत नव्हता. निम्मी लोकं तशीच जायची. आता धा वरसं झाली, कुनी पुन्यवान मानूस तितं दगुड आनून टाकतोय. वाटसरूंची सोय केली बगा त्यानं. आता कुनी रीत चुकवत न्हाई. पोरंसुदा टाकत्यात."

हैबती खाली बसला. मास्तरला वाटलं त्याला भोवळ आली. त्यानं आपल्या तांब्यातलं पाणी पुढं केलं. हैबतीनं ते घेतलं नाही.

"तुम्ही बिरूच्या घराण्यातले का?" मास्तरानं जरा वेळानं विचारलं. खाली कुणीतरी त्याला सांगितलं असावं. "मग तुम्हाला सांगायलाच हवं. मी आसणगडाचे कागद पाहिलेत. किल्ला लढून पडलेलाच नाही. किल्लेदारानं तो पत्र लिहून मोगलांच्या स्वाधीन केला. दिवसाढवळ्या. माणसं आपापली हत्यारं घेऊन दरवाजातून बाहेर पडली. एकही मेला नाही. किल्लेदाराला त्याबद्दल गाव इनाम मिळालं."

"आन् बिरू?"

"बिरूचं नाव कुठंच नाही."

"कुठंच?"

"कुठंच नाही. बिरू म्हणून कुणी होता की नाही, तेही सांगता येत नाही. लोकांना कुणीतरी लागतं, बाबा."

हैबतीनं गडाकडं एकदा पाहिलं. मग त्यानं विचारलं, "त्या किल्लेदाराचं घर हाय का अजून?"

मास्तरानं टोपी काढून पुन्हा घातली. "आहे. जत्रेत त्यांचा पहिला नारळ असतो. आमची शाळाही त्यांच्याच जागेत भरते."

"मग ह्ये छापनार का तुमी?"

"छापणार तर. नाव मात्र गाळावं लागेल."

मास्तर गडाच्या चढावर दिसेनासा होईपर्यंत हैबती पाहत राहिला. मग त्यानं ती गार उचलली, राशीतला दगड घरी न्यायचा नसतो हे ठाऊक असूनही घोंगडीत घातली आणि घरी आला. त्यानं कोंडाबाईला सगळं सांगितलं. दगडांचं आधी, कागदाचं मागून.

दगडांचं ऐकताना ती चुलीकडं पाहत होती. म्हणाली, "अकरा वरसं." नुसतं एवढंच. कागदाचं ऐकल्यावर मात्र तिनं मान वर केली.

"म्हंजी बिरूनं काय केलंच नव्हतं?"

"मास्तर म्हनतोय."

"मग नाव अडकंल कशापायी? मोकळंच हाय त्ये. पयल्यापास्नं मोकळं हुतं."

दुसऱ्या दिवशी हैबती राशीकडं गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या हिवाळ्यात त्याची पाठ पहिल्यांदा उन्हाला टेकली. विसाव्यावर अकरा वर्षांचे दगड पडलेले होतेच, लोक ते उचलून आणत होते. रास वाढत होती. येता-जाता तो ती पाही आणि मनाशी म्हणे, दगड आहेत, नुसते दगड.

चैत्रात मुलगा झाला. बाराव्या दिवशी पाळण्यापाशी बायका जमल्या तेव्हा हैबती कोंडाबाईला हळूच म्हणाला, "सोनबाच ठिवू. बाऽचं नाव."

"सोनबा एक गेला," ती म्हणाली. "ह्यो बिरू."

"कोंडे, भगतानं सांगितलंय, भुई दिसल्यावर."

"भगतानं सांगितलं म्हनून तर तुमी लोकांस्नी दगड पुरवलं. आता कागदाचं ऐका."

हैबतीलाही ते नाव हवं होतं. नऊ पिढ्यांनंतर त्या घरात कुणीतरी मोठ्यानं बिरू अशी हाक मारली. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. एकजण पाळण्याची दोरी सोडून मागं सरली. कोंडाबाईनं ती स्वतः हातात घेतली.

पोरगं गुटगुटीत होतं. घोंगडीवर पालथं पडून ते देव्हाऱ्याकडं बघत हुंकारायचं. त्या पांढऱ्या गारेवर हात आपटायचं. कोंडाबाईनं ती त्याच्यासमोर ठेवली होती. ती पुन्हा थट्टा करू लागली होती. "बिरू, बाला दगड मार," म्हणायची, "तुजा बा लई येडा हाय." हैबती हसायचा. असे तीन महिने.

आषाढात धुकं दाराशी आलं. बिरूला खोकला झाला, मग ताप. हैबतीनं दोनदा खाली उतरायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ओढ्यानं त्याला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोराचा श्वास शेरडाच्या पिल्लासारखा वाजत होता, दुपारी वाजायचा थांबला. हैबतीनं तिसरा खड्डा खणला. पहिल्या दोन्हींच्या शेजारी.

कोंडाबाई रडली नाही. बऱ्याच दिवसांनी, पाऊस जरा उघडल्यावर, ती एवढंच म्हणाली, "त्या मास्तराला इचारा, त्यो कागद खरा हुता का."

हैबती विचारायला गेला नाही. मास्तर काय म्हणेल ते त्याला ठाऊक होतं. कागद खरा होता. पण तो खरा असल्यानं काय होणार होतं? पोरगं नावानं गेलं, की त्यानं दगड वाहायचं सोडलं म्हणून गेलं, की नुसतं पावसानं आणि खोकल्यानं गेलं, हे कुठल्या कागदात लिहिलेलं असणार? पहिले दोघे तर बिरू नव्हते. तेही गेलेच होते. तो हे सगळं कोंडाबाईला सांगायचा प्रयत्न करी आणि निम्म्यात थांबे. ती ऐकत नव्हती. ती पाळण्याची दोरी सोडवत बसलेली असायची. दोरी केव्हाच सुटलेली होती.

एक दिवस तिनं गार उचलून त्याच्या हातात दिली. "राशीवर टाकून या," ती म्हणाली. "घरात नगं."

आश्विन लागला होता. घाटाची वाट वाळली होती आणि मिठाची पहिली माणसं चढू लागली होती. हैबती राशीपाशी जाऊन बसला. गार मांडीशी ठेवली. किंजळीवरची त्याची खूण दगडांखाली गेली होती. आता ती दिसत नव्हती.

मिठाची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी वर आली. धापा टाकत थांबली, भोवती पाहू लागली. विसाव्यावरून दगड घ्यायला ती विसरली होती, आणि इथं वाटेच्या दोन्ही बाजूंना, हैबतीच्या लहानपणासारखीच, नुसती माती आणि गवत होतं. राशीतलाच उचलून राशीवर टाकणं तिला बरं वाटेना.

"बाबा," ती म्हणाली, "वाकता येत न्हाई रं. येखादा दगुड दे की माज्या हातात."

हैबतीनं तिच्याकडं पाहिलं. मग मांडीशेजारची गार उचलली आणि तिच्या हातात दिली.

"देव तुजं भलं करो," म्हातारी म्हणाली. "पोराबाळांत सुखी ऱ्हा." तिनं गार डाव्या हातात घेतली. "घे बिरू, तुझा वाटा."

गार राशीवर आपटली, घरंगळली आणि त्याच्या पायाशी येऊन थांबली. म्हातारीनं मागं पाहिलं नाही. ती वेल्ह्याच्या वाटेला लागली होती.

खालच्या वळणावर आणखी माणसं बोलत चढत होती, काहींचे हात रिकामे. हैबतीनं गार उचलून पुन्हा मांडीशी ठेवली आणि तो तिथंच बसून राहिला.